ट्यूब चालते, गोळी नको

सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्यात औषधांची भीती भरपूर आहे, फक्त तिची वाटणी चमत्कारिक झालेली आहे. घाबरायचं ते गोळीला, ट्यूबला नाही. गोळी पोटात जाते, अंगात उष्णता करते, किडनी खराब करते, पुढे मूल होताना अडचण येते. हे सगळं कुणीही शेजारीण छातीठोकपणे सांगेल. ट्यूब बिचारी वरून लावायची. ती काय करणार? म्हणून देवध रोडला संध्याकाळची भाजी घेता घेता बायका मेडिकलवर थांबतात आणि ‘ती तोंडाला लावायची द्या’ म्हणतात. मेडिकलवालाही कोणती म्हणून विचारत नाही. त्याला माहीत असतं.

सुरत–भुसावळ लाईनने इथे आलेली आमची माणसं. धुळं, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, पारोळा. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा आणि गोडादरा या पट्ट्यात गल्लीच्या गल्ली खान्देशी आहेत. पप्पा रिंग रोडच्या मार्केटात साडीच्या दुकानात, मम्मी घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. त्या साड्या ज्या खोक्यांत जायच्या त्यांवर एक बाई हसत उभी असायची, आणि तिच्या चेहऱ्यावर एक छिद्रसुद्धा नसायचं. शाळेत असताना मी अशा खोक्यांच्या थप्पीला टेकून अभ्यास केला आहे. पुढे त्या बाईवर मी मनातल्या मनात फार राग काढला.

मला झालं होतं ते चार-दोन पिंपल नव्हेत. ते सगळ्यांनाच येतात नि जातात. माझ्या गालांच्या आत, हनुवटीखाली, मानेपर्यंत गाठी यायच्या. बाहेरून नुसती लाली, पण बोट लागलं तरी डोळ्यांत पाणी. एखादी फुटली की रात्री उशीला चिकटायची. म्हणून मम्मीने माझ्यासाठी गर्द निळे अभ्रे शिवले होते, कारण न सांगता. कॉलेजला जाताना ओढणी चेहऱ्याला गच्च बांधायची. सुरतेत उन्हासाठी सगळ्याच मुली स्कूटीवर तशी बांधतात, त्यामुळे मी वेगळी दिसत नसे. ओढणी सोडायची वेळ आली की मात्र वर्गात मी सगळ्यांत शेवटी.

उपाय सांगायला कुणाला डिग्री लागत नाही. कडुलिंबाचा पाला, मुलतानी माती, हळद-बेसन, पोट साफ ठेव, मोबाइल कमी बघ. शेंगदाणे बंद, शेवभाजी बंद, तूप तर अगदीच बंद. आजीला नंदुरबारहून आल्या आल्या पहिला प्रश्न पडायचा, ‘तुना तोंडले काय व्हयनं वं माय?’ आणि दुसऱ्या दिवशी तीच सगळ्यांची समजूत काढायची की लग्न झालं की जातं हे. लग्न हे औषध असल्याचं मी त्या काळात इतक्या वेळा ऐकलं, की त्याचा डोस किती आणि जेवणाआधी घ्यायचा की नंतर, एवढंच विचारायचं बाकी राहिलं.

मग आली ट्यूब. मामीने आणली, तिच्या बहिणीला ‘फरक पडला’ होता म्हणून. फरक पडतोच, तिथेच तर खरी गोम आहे. या ट्यूबमध्ये एक तीव्र स्टेरॉइड असतं, जोडीला बुरशीचं नि जंतूंचं औषध. पहिले काही आठवडे लाली उतरते, चेहरा उजळतो, घरात आनंदीआनंद. नंतर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते, ऊन लागलं की आग होते. पिंपल परत येतात ते दुपटीने. ट्यूब बंद केली तर चेहरा पेटल्यासारखा लाल होतो, म्हणून माणूस घाबरून पुन्हा लावतो. व्यसनच ते, फक्त देवघराच्या फळीवर ठेवलेलं.

भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हा प्रकार मोजलेलाही आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशभरच्या 12 केंद्रांत चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेले 2926 रुग्ण तपासले. त्यांतले 433 जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते. त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना ते सुचवणारा डॉक्टर नव्हताच. तो होता मित्र, दुकानदार, पार्लरवाली, किंवा आमच्यासारखी मामी. 2018 मध्ये सरकारने अशी 14 स्टेरॉइड क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. नियम झाला. गोडादऱ्यात संध्याकाळी भाजीच्या पिशवीतून ट्यूब अजून घरी येते.

शेवटी डॉक्टरीण गाठली, पर्वत पाटियाकडची, गुजराती, बोलायला तुटक. तिने दिव्याखाली माझा गाल दाबला, ट्यूबचं नाव ऐकून नुसता सुस्कारा सोडला, आणि काही महिन्यांनी, जुनी आग शमल्यावर, आयसोट्रेटिनॉइन लिहून दिलं. छोटी मऊ कॅप्सूल. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. याची गोष्ट मी पुढे वाचली. अमेरिकेत गॅरी पेक नावाचे डॉक्टर कातडी भलतीच जाड होणाऱ्या आजारांवर ते वापरून बघत होते. गाठींच्या मुरुमांनी वर्षानुवर्षं हैराण झालेल्या, कशालाच दाद न देणाऱ्या 14 रुग्णांना त्यांनी ते दिलं. 13 जणांचा चेहरा पूर्ण साफ झाला, आणि औषध थांबल्यावरही साफ राहिला. हे 1979 साली छापून आलं. 1982 मध्ये तिथे औषधाला परवानगी मिळाली. ते तेलाच्या ग्रंथींनाच आकसवतं. बाकीची औषधं आग लागल्यावर पाणी मारतात, हे लाकडंच काढून घेतं.

पण त्या दिवशी केबिनमध्ये ही गोष्ट निघालीच नाही. डॉक्टरीणबाईंनी मम्मीला सांगितलं, तुम्ही जरा बाहेर बसा. मम्मी म्हणाली, मी आई आहे तिची. बाई म्हणाल्या, म्हणूनच. मम्मी उठली नाही. मग बाईंनी चिठ्ठीकडे बघतच मला विचारलं की पाळी नियमित आहे का, लग्न ठरतंय का, आणि ‘बीजुं कंई’ आहे का. त्या ‘दुसऱ्या काही’चा अर्थ खोलीत तिघींनाही कळला. तिघींनीही तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून समजून घेतला. मी नाही म्हटलं. तरी गरोदरपणाची तपासणी करायला लागली, आणि एका इंग्रजी कागदावर सही. लॅबमधून मम्मी जी तणतणत बाहेर पडली ती घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलली नाही. मुलीला ही तपासणी करायला लावली म्हणजे तिच्यावर संशय घेतला, असा सरळ हिशेब.

तो संशय नव्हता. औषध घेत असताना गर्भ राहिला तर बाळाचे कान, हृदय, मेंदू यांच्या घडणीत बिघाड होऊ शकतो. गर्भपाताचा धोकाही मोठा. 1985 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा 154 गर्भारपणांची हकीकत मांडली. त्यांतली बरीचशी आईने स्वतःहून थांबवली होती, काही आपोआप गेली. जन्मलेल्या 47 बाळांपैकी 21 बाळांत गंभीर व्यंगं होती. तिथे 2006 पासून हे औषध घेणाऱ्या प्रत्येकाचं नाव नोंदवावं लागतं, आणि गर्भ राहू शकेल अशा बाईला तपासणीशिवाय पुढची गोळी मिळत नाही. ब्रिटनमध्ये 2023 साली नियम झाला की 18 वर्षांखालच्या मुलांना हे सुरू करायचं तर औषध लिहून देणाऱ्या दोघांचं एकमत हवं. आपल्याकडे अशी देशव्यापी नोंदणी नाही. आहे ती पाकिटावरची सूचना, आणि डॉक्टरला विचारायला वेळ नि धीर असला तर एक प्रश्न.

आणि आमच्या घरांतली भीती नेमकी उलट्या बाजूला उभी. ‘गोया गरम पडतस, पुढे पोरं होणार नाहीत,’ असं आजी अर्ध्या अहिराणीत नि अर्ध्या मराठीत म्हणायची. पुढचं तर भय नसतं. औषध अंगातून महिन्याभरात निघून जातं, त्यानंतर मूल व्हायला हरकत नाही. भय असतं ते चालू असतानाचं. म्हणजे जे होणार नाही त्याची चर्चा अख्ख्या गल्लीत, आणि जे होऊ शकतं त्याचं नाव घेतलं की मम्मी रिक्षात मुकी.

गोळीने त्रास दिला नाही असं नाही. पहिल्या महिन्यात गाठी वाढल्याच. सुरुवातीला असं होऊ शकतं हे सांगितलेलं होतं म्हणून तग धरला. मग ओठ. ओठांची सालं निघायची, कोपरे चिरायचे. खान्देशी घरात ओठ चिरलेला माणूस म्हणजे उपाशीच. ठेचा दुरून बघायचा, भरीत लांबूनच हुंगायचं, जांभई द्यायची तर दोन बोटांनी ओठ धरून. व्हॅसलीनची चपटी डबी मी मोबाइलच्या कव्हरात ठेवायची. उन्हाळ्यात दोनदा-तीनदा घोळणा फुटला. डोळे कोरडे, पाठ आंबलेली. ठरावीक दिवसांनी उपाशीपोटी रक्त द्यायचं, कारण हे औषध रक्तातली चरबी वाढवू शकतं आणि यकृताला त्रास देऊ शकतं. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या वेगळ्या घ्यायच्या नाहीत, पिंपलवर देतात त्या टेट्रासायक्लिन गटातल्या अँटिबायोटिक सोबत नाहीत, आणि रक्तदान अजिबात नाही. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढलं तर?

सगळ्यांत मजा आली तुपाची. कॅप्सूल उपाशीपोटी घेतली तर नीट अंगी लागत नाही. स्निग्ध जेवणासोबत घेतली तर दुपटीहून जास्त भिनते. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा मम्मीचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतकी वर्षं माझ्या ताटातून हद्दपार केलेलं तूप आता चिठ्ठीवर लिहून मिळाल्यासारखं. श्रावणात कानबाई देवीच्या सणाचे रोट झाले तेव्हा पुरणपोळीवर मम्मीने स्वतः तूप सोडलं आणि आजीकडे न बघता म्हणाली, ‘डॉक्टरनी सांगितलंय.’

मनाचं काय, हेही विचारायला हवं. या औषधाने माणूस उदास होतो अशी जुनी तक्रार आहे. मोठ्या संख्येच्या अभ्यासांत सरसकट तसं दिसलं नाही, पण एखाद्याच्या बाबतीत होऊ शकतं म्हणून डॉक्टर विचारत राहतात. आमच्या घरी हे ओळखणार कोण, मला प्रश्नच आहे. ज्या मुलीने सगळं कॉलेज ओढणीआड काढलं ती उदास होती की नव्हती, हे आधी कुणी विचारलं होतं? मला तरी गोळीच्या काळात उलट जरा उघडं वाटलं. पण मी म्हणजे सगळ्या नव्हे.

चेहरा साफ झाला. खड्डे राहिले, ते राहणारच होते. हे औषध आधी पडलेले खड्डे भरत नाही. गल्लीतल्या बायकांनी मला थांबवून हात लावून बघितलं, आणि एकजात सगळ्यांनी एकच विचारलं: ‘कोणती ट्यूब लावली गं?’

गोळी म्हटलं की त्यांचा रस संपायचा. अपवाद एका वहिनीचा. नुकतंच लग्न होऊन आलेली, कपाळभर पुळ्या. ती दुपारी गुपचूप आली आणि म्हणाली, उरलेल्या असतील तर एक पाकीट दे ना, ह्यांना नको सांगू. पाकीट होतं. दिलं नाही. का, ते मात्र सांगितलं, पुरतं, शब्दांनिशी. ती लाजली, मीही लाजले, पण बोलून झालं. नंतर कळलं की त्या वेळी तिला दिवस गेलेले होते आणि तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी माझ्या आतेबहिणीला हेच औषध सुरू झालं. मध्येच तिचं लग्न ठरलं, अमळनेरकडचं स्थळ, तिथी वैशाखातली. हिशेब केला तर कोर्स संपून महिना पुरा होत नव्हता. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: संततिनियमनाची खात्रीची साधनं वापरा, नाहीतर लग्न थोडं पुढे न्या. पहिल्या वाटेवर घरात चर्चा झालीच नाही. आत्या उठून चहा टाकायला गेली, आत्येमामांनी टीव्हीचा आवाज वाढवला. दुसरी वाट एका संध्याकाळीत पक्की झाली. गुरुजींना फोन, आचाऱ्याला फोन, पत्रिका छापणाऱ्याला फोन, वैशाखाची तिथी ज्येष्ठावर गेली. वरपक्षाला कारण सांगितलं की हॉल मिळाला नाही. हॉल आमच्याच ओळखीतला. कुणी अमळनेरहून चौकशी केली तर भरलेला आहे म्हण, असं हॉलवाल्याला आत्येमामा आधीच सांगून आले होते.