एक घागर पाणी

बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की आमच्या वयाच्या माणसांना खडी आठवते, सुकडी आठवते, मिलोची लाल भाकर आठवते. मला हायपोचा आंबूस वास आठवतो. हायपो म्हणजे फोटोची फिल्म पक्की करायचं औषध. आता हे औषध माणदेशातल्या धाब्याच्या घरात कसं आलं, ते सांगतो.

माझे धाकटे चुलते, तात्या, तेव्हा पाझर तलावाच्या कामावर हजेरीपट लिहायचे. त्याआधी साताऱ्याला शिकताना ते संध्याकाळी एका फोटो स्टुडिओत राबून जेवणाचा खर्च भागवायचे. शिक्षण अर्ध्यावर सुटलं, पण ही विद्या अंगात राहिली. परत येताना एक जुना क्लिक थ्री कॅमेरा, दोन इनॅमलच्या थाळ्या आणि औषधांच्या पुड्या त्यांनी आणल्या होत्या.

तालुक्याला स्टुडिओ होता. एकदा तात्यांनी तिथं रोल दिला, तर आठ दिवसांनी अर्धा काळा होऊन परत आला. दुकानदार म्हणाला, कॅमेऱ्यातच उजेड शिरतोय. तात्यांना वाटलं, त्याच्याच हातून फिल्म उघडी पडली असणार. खरं काय ते कुणालाच कळलं नाही. तेव्हापासून तात्या म्हणायचे, "घरात बिघडलं तर का बिघडलं ते समजतं. दुकानात बिघडलं तर बिघडलं एवढंच समजतं."

१९७३ च्या चैतात त्यांनी तलावाच्या कामावर एक रोल काढला. बारा फोटोंचा. त्यातला एक आजीचा. आजी खडी फोडायला जायची. ढिगाऱ्यावर बसलेली, डोक्यावर पदर, हातात हातोडी.

"आये, जरा थांब की. हिकडं बघ."

"बघती बाबा. पन हात थांबला तर खडी कमी भरंल."

हात थांबला नाहीच. तिचा त्याआधी एकही फोटो नव्हता आणि नंतरही निघाला नाही.

त्या रात्री धान्याच्या खोलीत फिल्म धुवायची ठरली. दुष्काळात ती खोली रिकामीच होती. माळवदाचा झरोका पोत्यानं बुजवला, दाराच्या फटीत घोंगडं कोंबलं. कागदावर फोटो छापताना तांबडा दिवा चालतो, पण या फिल्मला तोही चालत नाही, ठार अंधार लागतो. तात्या आत फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरून ती थाळीतल्या औषधातून वरखाली फिरवायचे आणि मी दाराबाहेर बसून मोठ्यानं आकडे म्हणायचो. घड्याळ मीच. औषध वीस अंश गार पाहिजे, असं त्यांनी शिकलं होतं. आम्ही माठाला ओलं फडकं गुंडाळून पाणी गार केलं, तरी ते त्याहून ऊनच. ऊन औषधात काम लवकर होतं, म्हणून पाचशे आकड्यांचे तात्यांनी साडेतीनशे केले. मग एकदा पाण्यात बुचकळून फिल्म हायपोत. थोड्या वेळानं दार उघडलं आणि कंदिलापुढं त्यांनी ती ओली पट्टी धरली. बारापैकी बारा आले होते. आजीचा पदर काळा आणि तोंड पांढरं, उलटं, पण आजीच. हातोडीच्या जागी नुसता धुरकट फराटा.

खरी अडचण पुढं होती. हायपो फिल्म पक्की करतो, पण तो स्वतः फिल्मवर राहता कामा नये. राहिला तर फोटो तयार करणाऱ्या चांदीलाच तो हळूहळू खातो आणि चित्र पिवळं-तपकिरी पडतं. म्हणून शेवटी फिल्म भरपूर पाण्यात धुवावी लागते. स्टुडिओत अर्धा तास नळाखाली ठेवायची पद्धत. आमच्या घरी त्या दिवशी सगळ्या माणसांत मिळून दोन घागरी पाणी होतं. तेही आईनं मैलभरावरच्या विहिरीतून वाटीवाटीनं भरून आणलेलं.

आजी दारात उभी राहिली. "मानसास्नी प्यायला पानी न्हाई, आन् तू चित्रं धुतुयास व्हय रं?"

"दोन तांबे दे फकस्त."

"आन् ते धुतल्यालं पानी म्हशीला चालंल का?"

"न्हाई आये. औषध हाय त्यात."

म्हशीलाही न चालणारं पाणी ही गोष्ट आजीला पटेना. तरी तिनं दोन तांबे दिले. तिसरा मागायची तात्यांना छाती झाली नाही.

महिन्याभरात तात्यांची बदली दुसऱ्या कामावर झाली. तिथं तंबूत राहायचं, पाण्याची तीच गत. जाताना त्यांनी फिल्मच्या चार पट्ट्या कापून कागदात गुंडाळल्या, ट्रंकेत ठेवल्या आणि मला बजावलं, "पाऊस पडला की या पट्ट्या घंगाळात टाक. पाच-सहा बार पानी बदल. इसरू नगंस." मी पाचवीत होतो. मान डोलावली.

मृगात पाऊस आला. ओढ्याला पाणी आलं तेव्हा सगळं गाव काठावर लोटलं. आम्ही पोरं दिवसदिवस पाण्यातच. मी पाण्यात होतो आणि पट्ट्या ट्रंकेत. श्रावणात तात्यांचं कार्ड आलं. खाली एक ओळ माझ्यासाठी : पट्ट्या धुतल्यास का? मी उत्तरात लिहिलं, होय, सहा वेळा पाणी बदललं. लिहिताना वाटलं होतं, आज-उद्या धुऊन टाकू. कार्ड टाकलं आणि ते काम मनातून निघूनच गेलं.

पुढं तात्यांना पाटबंधारे खात्यात नोकरी लागली. धान्याची खोली पुन्हा धान्यानं भरली. फोटो छापायचे राहूनच गेले.

१९७९ साली आजी गेली. बाराव्याला फोटो पाहिजे म्हणून तात्यांनी ट्रंक उघडली. पट्ट्या चिकटून बसलेल्या, तपकिरी डागांनी भरलेल्या. आजीच्या पट्टीवर हातोडीचा फराटा शाबूत होता, खडी शाबूत होती, तोंडावर मात्र डाग पसरला होता. तात्यांनी ती पट्टी बराच वेळ उजेडात धरली. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. पोरानं सहा वेळा पाणी बदललं, हे त्यांच्या लेखी खरंच होतं. म्हणाले, "माझंच औषध बिघडलं असंल. लॅबला द्याया पाहिजे हुता." मी गप्प राहिलो.

त्यांनी थाळ्या देऊन टाकल्या. पुन्हा घरी कधी फिल्म धुतली नाही. मी पुण्यात न्हाणीघरात फिल्म धुवायला लागलो, तेव्हा म्हणायचे, "कशाला घोळ घालतोस? लॅबवाल्याला दे." रंगीत रोलच्या बाबतीत ते बरोबरच होतं. त्याला औषध अडतीस अंशाला एकसारखं ठेवावं लागतं. ते लॅबच्या मशिनला जमतं, बादलीला नाही. पण तात्या रंगीत रोलबद्दल बोलत नव्हते. घरात बिघडलं तर का बिघडलं ते समजतं, असं म्हणणाऱ्या माणसाला ते शेवटपर्यंत समजलं नाही, कारण ते मला माहीत होतं.

ते गेल्यावर मी ती पट्टी पुण्यातल्या एका लॅबमध्ये नेली. काउंटरवरच्या वयस्कर माणसानं ती दिव्याच्या काचेवर ठेवली आणि लगेच म्हणाला, "घरी धुतलेली दिसते. पाणी कमी पडलं."

"दुष्काळ होता," मी म्हणालो. आणि मग, का कोण जाणे, "नंतर धुवायची होती. मी धुतली नाही."

त्यानं मान हलवली. गेलेलं परत येत नाही, म्हणाला, पण आहे तेवढं छापून देतो. त्यानं छापून दिलं. खडी, हात, फराटा, आणि पदराखाली डाग.

काळी-पांढरी फिल्म मी अजून घरीच धुतो. नळ सोडत नाही. भांडं भरायचं, हलवायचं, ओतायचं, असं सहा वेळा. सगळं मिळून किती पाणी लागतं ते मी एकदा मोजलं. एक घागरही पुरी लागत नाही.