जिप्सीची दोन इंच उंची

सस्पेन्शन लिफ्ट किट, म्हणजे अधिक कमान असलेले पाटे, लांब शॅकल, लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि नवे यू-बोल्ट यांचा संच, बसवल्याने सगळी गाडीच जमिनीपासून वर जाते, अशी समजूत सर्रास आढळते. प्रत्यक्षात हा संच फक्त चासी आणि तिच्यावरची बॉडी उचलतो, आणि दोन चाकांना जोडणारा अ‍ॅक्सल व त्यावरील डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. वाटेतल्या दगडाला बहुधा आधी लागणारा हा गोळा वर न्यायचा तर टायरच मोठे लागतात, त्यामुळे त्या टायरांना मडगार्डखाली जागा करून देणे आणि खडा चढ समोर आला असता बंपर टेकू नये इतका कोन मिळवणे, एवढेच लिफ्टचे खरे प्रयोजन उरते. गाडी रुबाबदार दिसते हेही प्रयोजन अनेकांच्या मनात असते, पण ते सहसा कोणी कबूल करत नाही.

1985 साली भारतात आलेली आणि 1996 पासून 1298 सीसी इंजिनासह मिळू लागलेली मारुती जिप्सी घरच्या घरी हे काम करू पाहणाऱ्याला सोयीची पडते, कारण तिचे पुढचे-मागचे दोन्ही अ‍ॅक्सल अखंड असून ते पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, बसवलेले असतात. मूळ रचनेत पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जातात. ते अ‍ॅक्सलच्या वर घेतल्यास उंची पाच इंचांच्या घरात वाढते, परंतु त्यासाठी अ‍ॅक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, ब्रेक आणि स्टिअरिंगची मांडणी बदलावी लागते, आणि ते अंगणात उरकण्याचे काम नव्हे. प्रस्तुत लेखकाने पुण्यात घराच्या फरशीवर केलेले काम दोन इंचांपुरतेच मर्यादित होते.

या कामातला बहुतांश वेळ नवे बसवण्यात नव्हे, तर जुने सोडवण्यात जातो. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि पावसात वापरलेल्या गाडीचे पाट्याच्या डोळ्यांतले बोल्ट बुशमध्ये गंजून असे बसलेले असतात की नट सुटतो, पण बोल्ट जागचा हलत नाही. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवणे, लांब पाइप चढवून पान्याचा दांडा वाढवणे आणि शेवटी ग्राइंडरने बोल्ट कापणे, या क्रमानेच बहुतेक वेळा निभावते. चासी दोन भक्कम घोड्यांवर टेकवून अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक ठेवला आणि एका वेळी एकाच बाजूचा पाटा काढला, तर दुसरी बाजू अ‍ॅक्सलला जागेवर धरून ठेवते. हे न पाळल्यास अ‍ॅक्सल सरकतो, ब्रेकच्या रबरी नळीवर त्याचा भार येतो, आणि पाट्याच्या मधल्या बोल्टचे डोके अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसवताना नाकी नऊ येतात. यू-बोल्ट मात्र एकदा ताणले गेलेले असल्याने जुने पुन्हा वापरू नयेत.

खरा गुंता उंचीचा नसून कोनांचा आहे. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचे शॅकल, म्हणजे पाट्याला लांबायला वाव देणारा झुलता दुवा, पुढच्या टोकाला असते. ते लांब केले की पाट्याचे पुढचे टोक खाली जाते, त्याच्यासोबत अ‍ॅक्सलही पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कल, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते मुख्यतः त्याच्या जोरावर. तो घटला की सरळ रस्त्यावरही गाडी भटकू लागते. उपाय म्हणून पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये निमुळती पाचर घालून अ‍ॅक्सल मागे कलवता येतो, पण तसे केल्याने डिफरन्शियलचे तोंड आणखी खाली झुकते, लिफ्टमुळे आधीच वाढलेला प्रॉपेलर शाफ्टचा कोन अधिक तीव्र होतो आणि जॉइंट क्रॉस थरथरू लागतो. स्टिअरिंगचे दुखणे बरे करणारी पाचर अशा रीतीने शाफ्टला बाधते. म्हणूनच लांब शॅकलऐवजी पाट्याच्या कमानीतून उंची मिळवणे हा, प्रस्तुत लेखकाच्या मते, महागडा असला तरी शहाणपणाचा मार्ग आहे.

गुरुत्वमध्याचा हिशेबही डोळ्याआड करता येत नाही. दोन चाकांमधील अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची, हे कडेला उलटण्याविरुद्धच्या स्थैर्याचे ढोबळ माप मानले, आणि सुमारे 1300 मिलिमीटर अंतराच्या गाडीचा गुरुत्वमध्य 650 मिलिमीटरवर आहे असे समजले, तर तो 50 मिलिमीटरने वर गेल्यावर हे माप 1 वरून 0.93 वर येते. घाटातल्या वळणावर हा फरक अंगाला जाणवतो. कायद्याची बाजूही तितकीच ठाम आहे: मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला आहे, म्हणून अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणा करणे इष्ट.

पाट्याच्या डोळ्यांतले आणि शॅकलचे बोल्ट अखेरचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवून, तिचा पूर्ण भार पाट्यांवर आल्यावरच, कारण अधांतरी आवळलेल्या बुशचे रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटते. त्यानंतर अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबकळू देऊन ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना हे पाहावे, वाकडे झालेले स्टिअरिंग ड्रॅग लिंकची लांबी जुळवून सरळ करावे आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार नाही इतका खाली आणावा. काहीशे किलोमीटर धावल्यावर नव्या पाट्यांच्या पट्ट्या एकमेकींवर दबतात आणि यू-बोल्ट हमखास सैल पडतात, तेव्हा टॉर्क रेंच घेऊन गाडीखाली पुन्हा एकदा शिरावेच लागते.