आधी पान दाखवा

पीएच.डी.ला नाव नोंदवलं की कार्यशाळांची पत्रकं व्हॉट्सॲपवर येऊन पडायला लागतात. एकदिवसीय राज्यस्तरीय, सातदिवसीय राष्ट्रीय, आंतरविद्याशाखीय आंतरराष्ट्रीय. या शेवटच्या प्रकारात परदेशातला एक वक्ता पडद्यावर असतो आणि त्याचा आवाज येत नसतो. मी तेव्हा तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होते आणि १९३० नंतरच्या मराठी स्त्री-मासिकांमधल्या वाचकपत्रांवर संशोधन करत होते. नोंदणीनंतरच्या पहिल्या काळात मी अशा बहुतेक कार्यक्रमांना जायचे. प्रमाणपत्र फाइलला लागायचं, हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं की घरात किंवा स्टाफरूममध्ये माझ्या विषयावर दोन वाक्यं बोलावीत असं कोणी नव्हतं. 'झालं का सबमिट?' एवढंच सगळे विचारायचे.

संशोधन पद्धतीवरची एक कार्यशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी होती. वेळ साडेनऊची, पाहुणे आले अकरानंतर. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय आणि परिचय करून देणाऱ्यांचाही परिचय. महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी जिओटॅग केलेले फोटो हवेत म्हणून आम्हां सगळ्यांना बॅनरखाली दोनदा उभं केलं. पहिलं सत्र सुरू झालं ते जेवणाच्या तोंडावर. वक्ते वाईट नव्हते, पण संशोधनाची व्याख्या, प्राथमिक आणि दुय्यम साधनं, गृहीतकाचे प्रकार हे सगळं आम्ही पीएच.डी.च्या प्रवेशाच्या पेट परीक्षेसाठी पाठ करूनच तिथे बसलो होतो. माझ्या शेजारच्या मुलीने आपला आराखडा प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणला होता, कोणाला तरी दाखवावा म्हणून. वेळेअभावी प्रश्नोत्तरं रद्द झाली. तिने तो फोल्डर दिवसभर मांडीवर ठेवला आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत नेला. जेवण मात्र उत्तम होतं, हेही सांगायला हवं.

सगळेच कार्यक्रम असे नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन नैतिकता हा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. सक्तीचं म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण मला त्यातून खूप मिळालं. वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम मी तिथे पहिल्यांदा नीट वाचले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करायला बंदी. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. हे वाचून वर्गातल्या निम्म्यांचे चेहरे उतरले, कारण तोपर्यंत अनेकांची समजूत होती की खाली संदर्भ दिला की वर पानभर उतरवून घेतलं तरी चालतं.

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा विषयही तिथेच निघाला. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची पुण्यातल्या संशोधकांनी तपासणी केली होती आणि ती २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आली. त्यांनी बारकाईने पाहिलेल्या हजारभर नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त निकषांत बसली नाहीत. कुठे संपादकांचा पत्ता नाही, कुठे आयएसएसएन क्रमांकच चुकीचा. तेव्हा प्रबंध सादर करण्याआधी एक तरी शोधनिबंध छापलेला असणं सक्तीचं होतं, त्यामुळे ही दुकानं जोरात होती. ती सक्ती २०२२ च्या नियमांत गेली. माझ्या मते फार उशिरा गेली. तोवर कित्येक मुलांची फेलोशिप, आणि फेलोशिप रखडलेली असली तर बापाचे पैसे, या असल्या छपाईत गेले.

एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने संगणकावरची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. उद्घाटन नव्हतंच. सूचना एवढीच होती की स्वतःच्या प्रबंधाचं एक प्रकरण पेनड्राइव्हवर आणायचं. मराठीत लिहिणाऱ्यांची तिथे वेगळीच गंमत झाली. आमच्यापैकी बऱ्याच जणांचं टायपिंग कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याकडे, जुन्या फाँटमध्ये झालेलं. एकाची फाइल साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली तर उत्तर आलं शून्य टक्के. तो खूश. ग्रंथालयातल्या बाईंनी त्याची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांचा नुसता सडा. त्या फाँटमध्ये अक्षर मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ते मराठी नसतंच; सॉफ्टवेअरने जे वाचलं ती कुठलीच भाषा नव्हती.

"सर, हे शोधगंगेवर असंच चढलं तर तुमच्या प्रबंधातला एक शब्दही कोणाला शोधून सापडणार नाही," बाई म्हणाल्या.

देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध ज्या शोधगंगेवर ठेवले जातात, तिथे माझ्या विषयाजवळचे जुने मराठी प्रबंध शोधताना मला काहीच का मिळत नव्हतं, तेही त्या क्षणी उमगलं. ते तिथे होते, पण पानांचे फोटो म्हणून किंवा अशाच फाँटमध्ये. त्या दोन दिवसांत आम्ही आपापलं प्रकरण युनिकोडमध्ये आणलं, जोडाक्षरं मोडली तिथे हाताने दुरुस्त केली, इनस्क्रिप्ट कळफलकावर बोटं बसवायला घेतली आणि झोटेरो या संदर्भनोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ भरले. संध्याकाळी मान आखडली होती, पण काहीतरी पुढे सरकलं होतं.

माझ्या प्रबंधाला खरं वळण मिळालं ते मात्र एका संध्याकाळच्या कार्यक्रमात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये एक स्पर्धा सुरू केली. संशोधक विद्यार्थ्याने आपला प्रबंध तीन मिनिटांत सांगायचा, सोबत एकच स्थिर स्लाइड, आणि ऐकणारे त्या विषयातले नसणार. आता ती जगभर होते. आमच्याकडच्या काही उत्साही विद्यार्थ्यांनी तिचा मराठी अवतार काढला. बक्षीस नाही, परीक्षक नाहीत. बोलून झालं की दोन प्रश्न घ्यायचे.

मी माझं सांगितलं. किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक १९३० मध्ये निघालं, त्या सुमाराच्या मासिकांत बायका संपादकांना पत्रं लिहू लागल्या, शिक्षण, सासर, पोशाख, नोकरी यांवर मतं मांडू लागल्या, आणि छापील जगात सामान्य बाईचा आवाज आला, असा माझा एकूण मुद्दा. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतला रसायनशास्त्राचा एक मुलगा उठला. नांदेडकडचा, बोलण्यातून कळत होतं.

"ताई, एक विचारू का? ही पत्रं बायकांनीच लिहिली होती, हे कशावरून?"

मी म्हटलं, खाली नावं आहेत.

"नाव तर कोणीबी लिहील की. तुम्ही सँपल कुठून आलं ते तपासलं का?"

लोक हसले. मीही हसले, आणि रात्री झोप लागली नाही. माझ्या विषयातल्या कोणीही, माझ्या मार्गदर्शक मॅडमनीसुद्धा, हे विचारलं नव्हतं. आम्ही सगळे त्या पत्रांच्या प्रेमात होतो. पुढचे कितीतरी महिने मी सगळी टिपणं पुन्हा उपसली. कुठल्या पत्राखाली पूर्ण नाव आणि गाव आहे, कुठे नुसतं टोपणनाव आहे, एकाच नावाने पुन्हा कोणी लिहितं का, संपादकांच्या भाषेतल्या लकबी पत्रांत उतरल्यात का, यांचे तक्ते केले. सगळ्या पत्रांचा निकाल काही लागला नाही, लागणारही नव्हता. पण 'सामान्य बाईचा आवाज' हे शब्द मी प्रबंधातून काढून टाकले आणि त्या जागी एक अख्खं प्रकरण आलं: पत्र कोणाचं, हे ठरवायचं कसं. मॅडमनी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे कोणी सुचवलं?" रसायनशास्त्रातल्या मुलाने, हे सांगितल्यावर त्यांनी त्याचं नाव ऋणनिर्देशात घालायला लावलं.

त्या संध्याकाळनंतर आम्ही सहा-सात जणांनी आमची आमचीच बैठक सुरू केली. आधी कँटीनमध्ये जमायचो. पण तिथे बिल कोण देणार यावरच अर्धा तास जायचा, म्हणून ग्रंथालयाच्या व्हरांड्यात आलो. नियम एकच, तो त्या रसायनवाल्याने घातला: येताना लिहिलेलं एक पान आणायचं. पान नसेल तर यायचं, ऐकायचं, पण स्वतःच्या मार्गदर्शकाबद्दल गाऱ्हाणं करायचं नाही. नियम ऐकायला कठोर वाटतो. पण संशोधक विद्यार्थी चार जण एकत्र आले की गाऱ्हाण्यांनाच रंग चढतो, आणि उठताना सगळे जास्त थकलेले असतात, हे आम्ही पुरेसं अनुभवलं होतं. गाऱ्हाणी खोटी नसायची. एकीचे मार्गदर्शक वर्षभर प्रकरण परत देत नव्हते. दुसरीला बाळ झालं होतं आणि नियमात २४० दिवसांची रजा आहे, हे तिच्या विभागात कोणी तिला सांगितलंच नव्हतं. अशा गोष्टी पान वाचून झाल्यावर, चहाबरोबर निघायच्या. तिला तो नियम छापून दिला आणि अर्जाचा मसुदा तिथेच बसून केला.

आता माझी मौखिकी होऊन गेली आहे. बैठक चालू आहे, ऑनलाइन, रात्री साडेनवानंतर, कारण तोवर मुलं झोपलेली असतात. निम्मे जुने गेले, नवे आले. नव्यांमधला एक जण अजून पान आणत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेलं चालेल का, असं त्याने मागच्या वेळी विचारलं. त्यावरून बरीच वादावादी झाली. शेवटी त्याला सांगितलं, आण, पण प्रत्येक वाक्य कशावरून, ते तुला सांगावं लागेल. पुढच्या बैठकीत पहिला नंबर त्याचा आहे.