व्हीटेकबरोबर जाणाऱ्या गोष्टी

एक्सलरेटरची वायर. पेडलपासून निघून थेट इंजिनावरच्या थ्रॉटलपर्यंत जाणारी, आवरणातली साधी तार. पाय जेवढा दाबला तेवढी झडप उघडली, मध्ये कुणाची परवानगी नाही. आता पेडलला सेन्सर असतो. तो संगणकाला कळवतो आणि किती द्यायचं ते संगणक ठरवतो. माझ्या होंडा सिटी व्हीटेकमध्ये अजून तार आहे. ढिली पडली की पान्याने ताणून घ्यायची.

फेऱ्या चढायची वाट. ही गाडी २००० साली आली. दीड लिटरचं इंजिन, १०६ हॉर्सपॉवर, आणि ती सगळी ताकद पार वर, मिनिटाला ६,८०० फेऱ्यांपाशी. कॅमशाफ्टवर प्रत्येक सिलिंडरसाठी इनटेकच्या बाजूला एक जादा, उंच उंचवटा असतो. फेऱ्या वाढल्या की ऑइलच्या दाबाने पिन सरकते, रॉकर एकमेकांत अडकतात आणि झडपा जास्त उघडतात, जास्त वेळ उघड्या राहतात. हेच व्हीटेक. होंडाचे इंजिनिअर इकुओ काजितानी यांचं हे काम १९८९ च्या इंटेग्रात पहिल्यांदा रस्त्यावर आलं. आत बसलेल्याला यातलं काही दिसत नाही. त्याला ऐकू येतं. घुमणारा आवाज एकदम कडक होतो, आणि गाडीला आणखी एक गिअर मिळाल्यासारखी ती ओढायला लागते. तिथपर्यंत तिला आपण नेलेलं असतं. गिअर धरून ठेवला, घाई केली नाही, म्हणून ते मिळालं.

आपल्या चाकणला बनणारी महिंद्राची इलेक्ट्रिक बीई ६ शंभरचा वेग ६.७ सेकंदांत गाठते, असं कंपनी सांगते. ताकद २८६ हॉर्सपॉवर. मी व्हीटेक घेतली तेव्हा असे आकडे मासिकात पोर्शेच्या पानावर असायचे. के अँड एनचा फिल्टर, हेडर, आखूड स्प्रिंगा, रुंद टायर एवढं करून तेव्हा सिग्नलवर मान मिळायचा. आता हिरवा दिवा लागताच एखादी इलेक्ट्रिक टॅक्सी आवाज न करता पुढे निघून जाते, आणि तिच्या चालकाचं लक्ष फोनवरच्या नकाशाकडे असतं. वेग सगळ्यांना मिळाला, हे मला मनापासून चांगलं वाटतं. तो कमवायचं काम मात्र कुणाला उरलं नाही, आणि मला तर तेच काम हवं असतं.

मोकळा सायलेन्सर. हा गेला ते बरं झालं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिला, की मूळ प्रमाणित रचनेत बदल चालणार नाही. मी कंपनीचा सायलेन्सर परत बसवला. सोसायटीतली म्हातारी माणसं आता झोपतात, आणि इंजिनाचा स्वतःचा आवाज मलाही जास्त स्पष्ट ऐकू येतो.

पातळ खांब, बुटका डॅशबोर्ड. वळणावर काचेच्या कडेला काही लपत नाही. टक्कर सोसण्यासाठी खांब जाड झाले आणि त्यांनी जीव वाचवले. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

हलकेपणावर मात्र आहे. ही गाडी जेमतेम टनाच्या आसपास. नव्या इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीच कित्येकशे किलोंची असते. तेवढं वजन ताकदीच्या जोरावर सरळ रस्त्यावर लपतं. ताम्हिणीच्या उतारावर, ब्रेक मारून आत वळताना, ते कमरेला कळतं. व्हीटेकचं हायड्रॉलिक स्टिअरिंग खडी आली की खडी सांगतं, ओल आली की ओल सांगतं. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर सपाटीला शंभर आणि घाटात साठ ही मर्यादा दोघींनाही सारखीच, वर कॅमेरे. त्या मर्यादेत २८६ घोडे पेंगत असतात. माझे १०६ साठच्या आतसुद्धा, दुसऱ्या गिअरवर, कामाला लागलेले असतात.

टॅपेटचा आवाज ओळखणारा कान. आमचे मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी दोन मिनिटं नुसते उभे राहायचे. टॅपेट बसवायचे ते इंजिन पूर्ण थंड असताना. गाडी आदल्या रात्री गॅरेजमध्ये सोडायची आणि त्यांनी सकाळी पहिलं काम ते घ्यायचं. फीलर गेजची पाती, इनटेकला ०.२० मिलिमीटरच्या आसपास, एक्झॉस्टला किंचित जास्त. पाती ओढताना हाताला किती अडखळली पाहिजे हे त्यांनी मला माझा हात धरून शिकवलं. त्यांचा मुलगा उत्तम स्कॅनर चालवतो. व्हीटेकचं काम आलं की अजून वडिलांना फोन लावतो.

निव्वळ पेट्रोल. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं असतं. जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि सील त्यासाठी केलेले नव्हते. पाइप बदलून घेतले. बोटाने दाबून बघायची सवय लागली आहे.

नोंदणी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी. नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना दहा हजार. वर हरित कर. भरतो.

डिस्ट्रिब्यूटर कॅप. हल्लीच्या पेट्रोल गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते, त्यामुळे हा भागच संपला. नाना पेठेत पूर्वी नाव उच्चारलं की खोका समोर यायचा. आता काउंटरवरचा मुलगा मोबाइलवर फोटो मागतो, आणि आतून त्याचे काका ओरडून विचारतात, ‘एक पाहिजे की दोन?’ दोन. रोटरही दोन. टायमिंग बेल्ट एकच मिळाला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एकाने दुसरा बघून ठेवतो म्हटलंय.