आधी ऊब, मग दाणा

शास्त्रवाचन : लूक १३:३१-३५, योहान २१:१-१७



या हिवाळ्यात आपल्या मंडळीतील तीन-चार घरांनी मला एकच गोष्ट विचारली. अंगणात दहा-बारा कोंबड्या पाळायच्या आहेत, एक दिवसाची पिल्ले आणायची आहेत, तर सुरुवात कशी करावी? बहुतेकांचा पहिला प्रश्न खाद्याचा असतो. कणी घालावी की भरडा, बाजारातले तयार खाद्य किती लागेल, अंडी कधी मिळतील? मी सगळ्यांना सांगतो की दाण्याचा विचार दुसरा. पहिला विचार उबेचा करा.

याचे कारण देवाने पिल्लाच्या शरीरातच ठेवले आहे. एकविसाव्या दिवशी अंडे फोडून बाहेर येण्याच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते. त्या शिदोरीवर ते दोन दिवस काही न खाता तग धरू शकते. म्हणूनच हॅचरीतली पिल्ले पुठ्ठ्याच्या खोक्यातून दूरच्या गावी जिवंत पोहोचतात. पण थंडीसाठी त्याच्याजवळ अशी काही शिदोरी नसते. अंगावर फक्त मऊ लव असते, पिसे नंतर येतात. पहिले काही आठवडे त्याला स्वतःचे अंग स्वतः गरम ठेवता येत नाही. गारठलेले पिल्लू समोर भरलेली थाळी असली तरी खात नाही. डोळे मिटून उभे राहते आणि उपाशी मरते. दाणा असतो, भूकही असते, पण ऊब नसते.

म्हणून पिल्ले घरी येण्याच्या आधी त्यांची जागा तयार ठेवावी. जाड पुठ्ठ्याचे गोल कुंपण करावे. चौकोनी खोके असेल तर कोपरे पुठ्ठा लावून बंद करावेत, कारण घाबरलेली पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. तळाला भाताचे तूस दोन-तीन इंच पसरावे आणि पहिले दोन-तीन दिवस त्यावर गोणपाट टाकावे. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय फाकतात. वर साठ ते शंभर वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब टांगावा. एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३३ ते ३५ अंश तापमान हवे. पुढे दर आठवड्याला ते तीन-तीन अंशांनी कमी करत जावे. त्यासाठी बल्ब थोडा वर घेतला की झाले.

जवळ थर्मामीटर नसले तरी अडत नाही. पिल्लांकडे पाहिले की समजते. सगळी बल्बखाली गोळा होऊन मोठ्याने चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. चोची उघड्या टाकून, पंख सैल सोडून कुंपणाला टेकली असतील तर उष्णता जास्त झाली आहे. एका बाजूला दाटी झाली असेल तर कुठून तरी वारा येतो आहे. सगळीकडे विखरून, बारीक आवाज करत टिपत असतील, मधेच पाय पसरून झोपत असतील, तर सर्व ठीक आहे. पाण्याचे भांडे उथळ ठेवावे आणि त्यात खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू बुडत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक पिल्लाची चोच अलगद पाण्याला लावावी. पाणी प्यायल्यावर मग चिक स्टार्टर.

आपल्या भोपाळला जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि मे महिन्यात चाळीस ओलांडतो. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी पिल्ले आणलेली बरी. उन्हाळा तापेपर्यंत त्यांना पिसे फुटलेली असतात. जातींची निवड आता भरपूर आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा आणि ग्रामप्रिया, जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठाची नर्मदानिधी, आणि आपल्याच राज्यातील झाबुआची काळी कडकनाथ. कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण ती अंडी कमी घालते आणि सहसा खुडूक बसत नाही, हे लक्षात ठेवावे. कोणतीही जात घेतली तरी पहिल्या अंड्यासाठी पाच-सहा महिने थांबावे लागते. पिल्लांमधली साधारण निम्मी नर निघतात, तेव्हा पहाटेच्या आरवण्याबद्दल शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावे.

हे सगळे शिकताना मला लूकच्या तेराव्या अध्यायातील एक गोष्ट नव्याने दिसली. परूशी येऊन येशूला सांगतात की हेरोद तुला मारायला पाहतो. येशू हेरोदाला कोल्हा म्हणतो. आणि लगेच, दोन वचने पुढे, यरुशलेमेसाठी शोक करताना तो स्वतःला काय म्हणतो? सिंह नाही, गरुड नाही. पिल्लांना पंखांखाली घेऊ पाहणारी कोंबडी. समोर कोल्हा उभा आहे आणि आपला प्रभू कोंबडी झाला आहे. ज्याने घरी कोंबडी पाळली आहे त्याला कोल्हा आणि कोंबडी समोरासमोर आल्यावर काय होते ते सांगावे लागत नाही. खरी आई पळून जात नाही. ती पंख पसरून जमिनीला चिकटून बसते. आधी तिला मारावे लागते, मग पिल्लांपर्यंत पोहोचता येते. जैतुनाच्या डोंगरावर, जिथे प्रभू यरुशलेमेकडे पाहून रडला असे मानतात, तिथे १९५५ साली बांधून पूर्ण झालेले एक लहान चर्च आहे. त्याचे छत अश्रूच्या थेंबाच्या आकाराचे आहे आणि वेदीच्या पुढच्या बाजूला रंगीत खड्यांनी काढलेली कोंबडी आहे, पंखांखाली पिल्ले घेतलेली.

कोंबडी पिल्लांना पकडून आणत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. तिला हात नाहीत. ती खाली बसते, पंख थोडे उचलते आणि हाक देते. ती हाक पिल्लांच्या ओळखीची असते, कारण अंड्यातून बाहेर येण्याआधीच्या दिवसांत पिल्लू आतून आवाज करते आणि आई त्याला उत्तर देते. तरीही आत यायचे की नाही हे पिल्लाच्या पायांवर असते. प्रभूच्या शोकातले दुःख हेच आहे. पंख उघडे होते, पण त्यांना यायचे नव्हते.

आता आपल्या मंडळीतील एका मावशींबद्दल लिहितो. त्यांची परवानगी घेतली आहे. त्या अहिल्यानगरकडच्या. लग्न होऊन भोपाळला आल्या, काका भेलमध्ये नोकरीला होते. काका प्रभूकडे गेल्यावर मावशींनी घराबाहेर पडणे बंद केले. मुले पुण्याला. भगिनी मंडळाने निरोप पाठवले, प्रार्थना सभेला बोलावले. त्या “बघते” म्हणत आणि येत नसत. मग शेजारच्या ताईंनी एके दिवशी त्यांच्या पडवीत पिल्लांचे खोके आणून ठेवले. ताईंच्या घरी मांजर होते आणि मावशींची पडवी जाळीची होती. “पंधरा दिवस सांभाळा,” एवढेच त्या म्हणाल्या.

चौथ्या रात्री वीज गेली. मावशींनी पाणी तापवून बाटल्यांत भरले, बाटल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून खोक्यात ठेवल्या आणि वरून घोंगडी टाकली, हवेला थोडी फट ठेवून. सकाळी मी गेलो तेव्हा बाराच्या बारा पिल्ले टिपत होती. मी म्हटले, “मावशी, झोपला नाहीत वाटते.” त्या म्हणाल्या, “झोप मला तशीही येत नाही. काल निदान कशासाठी तरी जागले.”

पुढची गोष्ट लसीची. मॅरेक्सची लस हॅचरीत पहिल्याच दिवशी देतात, तेवढे विचारून घ्यावे. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात थेंब टाकून देतात. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो, पुढे आठव्या आठवड्यात मानमोडीचे इंजेक्शन. पशुवैद्यकांना विचारून वेळापत्रक पक्के करावे. पण अडचण अशी की लसीच्या एका कुपीत बहुधा शंभर किंवा जास्त पिल्लांचे डोस असतात. कुपी बर्फात ठेवावी लागते आणि एकदा द्रावण केले की दोन तासांच्या आत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी एकट्या घराला ती परवडत नाही, आणि म्हणून पुष्कळ लोक लसच देत नाहीत. आम्ही असे ठरवले की चार घरांनी एकाच दिवशी पिल्ले आणायची आणि लस एकाच अंगणात द्यायची. ते अंगण मावशींचे. त्या दिवशी टोपल्या घेऊन सगळे तिथे जमले. एकाने पिल्लू धरायचे, एकाने थेंब टाकायचा, मुलांनी मोजायचे. नंतर मावशींनी सगळ्यांना चहा केला. काका गेल्यानंतर त्या घरात इतकी माणसे प्रथमच बसली होती.

आता मावशी काही रविवारी उपासनेला येतात, काही रविवारी येत नाहीत. पिल्लांमुळे त्या आल्या असे मी म्हणणार नाही. मला एवढेच दिसले की निरोपांनी जे झाले नाही ते शेजारी जाऊन बसल्याने थोडे झाले.

सावधगिरीचेही सांगितले पाहिजे, कारण हे जिवाचे काम आहे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा नमुने तपासले गेले ते आपल्या भोपाळच्या प्रयोगशाळेत. त्या वेळी काही लाख कोंबड्या माराव्या लागल्या आणि अनेक घरांची मिळकत गेली. २०२१ च्या जानेवारीत झाबुआच्या कडकनाथांनाही तोच रोग झाला. म्हणून पक्षी अचानक मरू लागले तर हात लावू नका, नाल्यात टाकू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. रोज पिल्ले हाताळल्यावर साबणाने हात धुवा. लहान मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नका. रात्री खुराड्याचे दार स्वतः बंद करा, कारण मुंगूस आणि मांजर विसरत नाहीत.

आणि ईस्टर जवळ येतो आहे, तेव्हा एक विनंती. बाजारात गुलाबी, हिरवी रंगवलेली पिल्ले विकायला येतात. ती बहुतेक अंड्यांच्या जातीचे नर असतात. हॅचरीला त्यांचा उपयोग नसतो म्हणून ती स्वस्तात विकली जातात. मुलांच्या हौसेसाठी घरी आणलेली ही पिल्ले बल्ब नाही, ऊब नाही, म्हणून बहुधा थोड्याच दिवसांत मरतात. पुनरुत्थानाच्या सणाला आपल्या घरी असे मरण विकत आणू नये. आणायची तर पूर्ण जबाबदारीने आणा, नाहीतर आणू नका.

शेवटी योहानाचा एकविसावा अध्याय वाचा. पेत्र महायाजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता, तिथे त्याने प्रभूला नाकारले आणि कोंबडा आरवला. पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी प्रभूने स्वतः कोळशाचा विस्तव पेटवला. रात्रभर पाण्यात राहून आलेल्या, गारठलेल्या शिष्यांना त्याने आधी विस्तवाजवळ बोलावले, मग भाकर आणि मासळी दिली. न्याहारी झाल्यावरच त्याने पेत्राला विचारले की माझ्यावर प्रीती करतोस काय, आणि मेंढरे त्याच्या हाती सोपवली. ऊब, मग अन्न, मग प्रश्न, मग काम.

आपण मंडळीत बहुधा उलटे करतो. नवीन माणूस आला की आधी वर्गणीचे कार्ड, मग कमिटी, मग शिकवण. तो शेवटच्या बाकावर गारठून बसला आहे हे आपल्याला दिसत नाही, आणि समोर दाणा असून खात का नाही असे आपण म्हणतो. या आठवड्यात अशा एका माणसाच्या घरी जाऊन या. काही मागू नका, काही शिकवू नका. चहा प्या आणि थोडा वेळ बसा.

प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी पंख पसरलेस आणि कोल्ह्यासमोरून हलला नाहीस. तुझी हाक ओळखून आत येण्याची बुद्धी आम्हाला दे. जे थंडीत उभे आहेत त्यांच्याजवळ आम्हाला बसव. आमच्या अंगणातल्या लहान जिवांना आणि त्यांना सांभाळणाऱ्या हातांना आशीर्वाद दे. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.