तपासून घेतलेली बरोबरी

बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला म्हटलं की बघणाऱ्यांचा हिरमोड होतो. त्यातून डाव ज्येष्ठांचा असला, तर दोघं दमले आणि हात मिळवून मोकळे झाले, असंच धरून चालतात. तसे डाव होतातही. पण झगडून मिळवलेल्या बरोबरीचं मोल मला या वयात फार वाटतं.

जागतिक ज्येष्ठ स्पर्धेत २०१४ पासून ५० वर्षांवरील आणि ६५ वर्षांवरील असे दोन गट आहेत. मी दुसऱ्या गटाच्या वयाचा. ओपनिंगमधल्या नव्या शाखा आता डोक्यात टिकत नाहीत. हत्तींचे अंतिम डाव मात्र अंगात मुरलेले असतात.

परवाच्या डावात शेवटी पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि पांढऱ्याचं एकच प्यादं उरलं, ई पाचवर. माझा काळा राजा त्याच्या वाटेत, ई आठवर. अठराव्या शतकातला फ्रेंच संगीतकार फिलिदोर याने इथला बचाव सांगून ठेवला आहे: हत्तीने सहावी रांग धरायची, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे सरकता येत नाही. प्यादं स्वतःच सहाव्या रांगेत आलं, की हत्ती तडक पहिल्या रांगेत न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. प्यादं पुढे गेल्यावर राजाला आडोसाच उरत नाही.

अवघड असतं ते थांबणं. माझा हत्ती ए सहा, बी सहा, पुन्हा ए सहा. उगाच शह द्यायला हात शिवशिवतो. पण रांग लवकर सोडली तर प्रतिस्पर्ध्याचा राजा आत घुसणार. शेवटी त्यांनी प्यादं ढकललं, मी हत्ती ए एकवर नेला. दोन-तीन शह झाले. त्यांनी चाल केली, बरोबरी विचारली आणि मगच घड्याळ दाबलं.

सही करताना ते म्हणाले, "तुम्हाला येणार हे ठाऊक होतं. पण बघायला नको का?"

साठी उलटली की लोक आपल्याला सांभाळून घेतात. चुकलं तर "असू द्या" म्हणतात, जमेल की नाही हे न विचारताच काम दुसऱ्याकडे देतात. त्यात प्रेम असतं, पण आपल्याला येतं का, हे कुणी तपासतच नाही. माझ्या प्रतिस्पर्ध्याने ते तपासलं, एकेक चाल करायला लावून. म्हणून तो अर्धा गुण मला पुरता मोलाचा वाटतो.