पुढचं दार

कोकणातल्या जुन्या घरी गेलात, तर यजमानांच्या आधी पुढच्या दाराशी ओळख करून घ्या. सागाचं, दोन फळ्यांचं, पितळी कड्यांचं हे दार घरातलं सगळ्यांत वडीलधारं माणूस. त्याला रंग द्यायचा म्हणजे आधी त्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

स्वभाव ऋतूवर चालतो. आषाढ लागला की स्वारी फुगते. लाकूड उंचीला जवळजवळ जसंच्या तसं राहतं, वाढतं ते रुंदीत. त्यामुळे दोन फळ्या एकमेकींना भिडतात आणि खांदा लावल्याशिवाय दार हलत नाही. मग कुणीतरी वैतागून सुताराला बोलावतं आणि कडेवर रंधा मारून घेतं. दार तेव्हा काही बोलत नाही. माघात लाकूड सुकून आकसलं, की दोन फळ्यांमध्ये फट पडते आणि ओटीवरच्या पाहुण्यांना माजघर दिसू लागतं.

मिरवायची हौस दांडगी. गणपतीला मुंबईकर येणार, म्हणजे श्रावणातच नवा रंग हवा! घरची माणसंही हौसेनं देतात. पण त्या वेळी लाकडाच्या पोटात पावसाचं पाणी असतं. ऑक्टोबरचं ऊन लागलं की ते पाणी वाफ होऊन बाहेर पडू पाहतं, आणि छान चकाकणाऱ्या ऑइल पेंटवर फोड उठतात. रंगाचा डबा त्यात निर्दोष असतो. मार्गशीर्ष ते फाल्गुन हे याचे समजूतदार महिने, तेव्हाच ब्रश हातात घ्यावा.

आठवण मात्र पक्की. खरवडायला बसा, चॉकलेटीखाली हिरवा निघतो, हिरव्याखाली निळा. घरातल्या प्रत्येक मोठ्या लग्नाचा एकेक थर. इथे जपायला हवं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे 2016 साली आला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. म्हणून जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नये. वॉटर पेपर भिजवून घासावा, पोरांना परसात पिटाळावं आणि निघालेला लगदा कागदात गुंडाळून टाकावा. मला विचाराल तर रंगकामातला सगळ्यांत मोलाचा वेळ हाच. जो रंगारी घासायला कंटाळतो, त्याला मी दाराजवळ फिरकू देणार नाही.

साग अंगानं तेलकट. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही ती या अंगच्या गुणामुळेच, पण त्याच गुणामुळे रंगही पटकन धरत नाही. उघडं पडलेलं लाकूड टर्पेंटाइननं पुसायचं, मग प्रायमर, मग खड्ड्यांत लांबी, पुन्हा घासणं.

आता त्याचं एक गुपित. दाराची तहान वरच्या आणि खालच्या कडेला असते. उभ्या लाकडाचे रेषे तिथे कापलेले असतात आणि त्यांतून पाणी भराभर आत शिरतं. त्या कडा दिसत नाहीत, म्हणून रंगारी त्या सोडून देतो आणि दार दर पावसाळ्यात तळापासून कुजत जातं. कडी-कोयंडा उतरवा, फळ्या खाली घ्या, सगळ्या कडांना रंग पाजा. आषाढातली निम्मी कुरकुर तिथेच थांबते.

ऑइल पेंट हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. फळ्या पुन्हा चढवल्यावर त्या रात्री दार मिटायचंच नाही. मिटलं तर सकाळपर्यंत दोन्ही फळ्या एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना एकीची कातडी दुसरीला जाते. म्हणून घरातलं कुणीतरी ओटीवर कांबळं टाकून राखणीला झोपतं. दुसरा हात दुसऱ्या दिवशी.

तोवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना मागच्या दारानं यायला सांगतात. मागचं दार फणसाचं, धुराने काळवंडलेलं, पण पावसाळ्यातसुद्धा कधी न अडणारं. त्याला कुणी ब्रश लावलेला कुणाला आठवत नाही. उरलेला अर्धा डबा तरी त्याला मिळायलाच हवा, आणि तोही खालच्या कडेपासून.